लव्हाळ्याला पाम म्हणणार नाही

माझ्या दाराच्या दोन्ही बाजूंना लव्हाळा आहे. आपोआप उगवलेला नव्हे, मी लावलेला. टबात लावलेला, रोज पाणी घालून वाढवलेला आणि थंडीत जुनी साडी पांघरवून जपलेला. टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत लोकांच्या दारात तुळस असते, जास्वंद असते, हल्ली हल्ली ती फुगीर बुंध्याची अडेनियमची झाडं असतात. माझ्या दारात लव्हाळा. ज्याला बघवत नसेल त्यानं पलीकडच्या बाजूनं चालावं, रस्ता रुंद आहे.

नर्सरीत याच झाडाला अम्ब्रेला पाम म्हणतात. सरळ हिरवा देठ, त्याला मध्ये ना पान ना फांदी, आणि टोकाला पात्यांची गोल छत्री उघडलेली. दिसायला लई देखणं. पण पाम-बिम काही नव्हे. शेतातल्या लव्हाळ्याचं हे सख्खं भावंड. मी खासबागेतल्या शाळेत विज्ञान शिकवते, एवढं मला कळतं. म्हणून लावलं त्या दिवसापासून मी त्याला लव्हाळाच म्हणत आले, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दामुळं घडलं.

नवरा लोंढ्याला रेल्वेत आहे. सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळी येतो. तिथं स्टेशनाच्या मागं पाण्याच्या गळक्या टाकीखाली हे माजलेलं त्याला दिसलं. टाकीखालचं गवतसुद्धा मला आवडतं हे त्याला ठाऊक, म्हणून त्यानं चार देठ मोडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. मी ते मातीत खोचले. चारही कुजले. एकाची छत्री तेवढी तुटून बादलीतल्या पाण्यात उलटी पडली होती, ती फेकायची राहिली. काही दिवसांनी बघते तर छत्रीच्या मधोमध पांढरी मुळं सुटलेली आणि बारीक कोंब वर आलेले. डोक्यावर उभं राहून जगणारं झाड म्हटल्यावर आमचं दोघांचं जमलं.

मग शिकत गेले. याला भोकाची कुंडी चालत नाही. रंगाच्या रिकाम्या बादल्या, फुटक्या कूलरचा टब, असलं काहीही चालतं, पण पाणी धरून ठेवणारं पाहिजे. माती भाताच्या शेतातली, चिकट. ती मी सासरच्या गावाहून पोत्यात भरून आणली. एकदा हौसेनं शेणखत घातलं तर पाणी असं नासलं की वरच्या मजल्यावरून गॅस गळतोय काय म्हणून विचारायला माणूस आला. वर बारीक खडी पसरावी लागते, नाहीतर पाणी ओतलं की माती तरंगते. डासांसाठी गप्पी मासे सोडायचे. पिवळे देठ बुडातून कापायचे. आणि पाणी मातीच्या वर दोन बोटं कायम पाहिजे. उन्हाळ्यात एक दिवस विसरलं की छत्र्या मिटतात आणि झाड मान टाकतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी आमच्याकडं आधी टब भरतात, मग पिंप. मी वडगावची, मागावरच्या घरातली. ओल तुटली की सूत तुटतं हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे, त्यामुळं हे ओलीचं काम मला कधी जड गेलं नाही.

पण माझ्या माहेरी शेत नव्हतं. लव्हाळा हे नाव मला पुस्तकातून कळलेलं. सासर खानापूरकडचं, भातवाल्यांचं. तिथं लव्हाळा म्हणजे वनस्पती नव्हे, वैरी. वरून उपटला की खाली गाठ राहते आणि पावसाची एक सर आली की पुन्हा उभा. उभ्या पिकातलं तण काढायला आमच्याकडं भांगलण म्हणतात. बायका रांगेनं बसतात आणि पुढं सरकत सरकत भांगलत जातात. सासूबाईंनी जन्मभर ते केलं. ज्याच्या रानात रस्त्यावरून लव्हाळा दिसतो, त्याच्या घराबद्दल गावात विचारतात, ह्यांच्यात माणसं हाईत का न्हाईत? लव्हाळा दिसणं म्हणजे जमीन पडीक पडली, घरात करणारं कुणी उरलं नाही, असा त्याचा अर्थ. हा अर्थ मला झाड लावताना माहीत नव्हता. माहीत असता तरी मी लावलंच असतं, तो भाग वेगळा.

आता एक गोष्ट एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका. आम्हाला मूल नाही. का नाही ते आम्हा दोघांना आणि डॉक्टरांना ठाऊक आहे, आणि आम्ही दोघं त्यावर रडून झालेलो आहोत. नातेवाइकांचं रडणं मात्र अजून संपलेलं नाही.

धाकट्या जावेला मुलगी झाली ती बेळगावच्याच दवाखान्यात. टाके होते, डॉक्टर म्हणाले महिनाभर लांबचा प्रवास नको. तिचं माहेर निपाणी, तिथं तिची आई गुडघ्यानं अधू. मग बाळ-बाळंतीण माझ्याकडं आली आणि त्यांच्यासाठी गावाहून सासूबाई आल्या. महिनाभर माझ्या घरात अळीव, डिंक, शेक-शेगडी आणि वाळणारी दुपटी. मी शाळेत जाण्याआधी पोरीला न्हाऊ घालायची आणि आल्यावर खांद्यावर घेऊन फिरायची. पोरगी माझ्या खांद्यावर पटकन झोपायची, आईकडं किरकिरायची. जाऊ हसून म्हणायची की घ्या, हिला तुम्हीच ठेवा. ती साधेपणानं म्हणायची. सासूबाईंनी ते ऐकलं की त्या उठून कामाला लागायच्या.

बारसं सव्वा महिन्यानं, माझ्याच घरी करायचं ठरलं. निपाणीची माणसं आणि खानापूरकडची माणसं, दोघांनाही मध्ये पडतं म्हणून. मला आनंद झाला होता. मी पोरीसाठी वडगावहून मऊ सुताचं दुपटंसुद्धा आणवलं. पाळण्याला हात लावायला मिळणार, एवढीच माझी हाव होती. आमच्याकडं पाळण्याशी लेकुरवाळ्या बायकाच उभ्या राहतात हे मला माहीत होतं, पण महिनाभर पोर ज्या खांद्यावर झोपली तो खांदा कोण बाजूला करणार, असं मला वाटलं. वाटलं आपलं.

बारशाला आठवडा असताना, एका शनिवारी, सकाळची शाळा करून दुपारी घरी आले. फाटकातून आत पाय टाकला आणि थबकलेच. दारातले चारही टब मोकळे. वरची खडी बाजूला काढलेली, माती हातानं सारखी केलेली, कुठं एक काडी नाही. माझा लव्हाळा कंपाउंडच्या भिंतीवर ओळीनं मांडलेला. मुळं झटकून, मुळं वर करून, उन्हाकडं तोंड. शेतात तो तसाच मारतात. छत्र्या विळ्यानं उडवून एका बादलीत टाकलेल्या, खाली थोडं पाणी. आणि ओसरीत पितळी तांब्या, त्यात माझे गप्पी मासे, एकूण एक, जिवंत. जीव आहेत म्हणून ते त्यांनी वेचून काढले होते.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान.

“लई माजला होता गं लव्हाळा,” त्या म्हणाल्या. “सगळा भांगलून टाकलो बघ.”

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं बायका बोलताना मी आलो, मी केलो असंच म्हणतात. लिहिताना मी सरळ लिहिते, पोरांना तसंच शिकवते, पण भांडताना माझ्या तोंडात ‘केलो’च येतं. पुण्याकडच्या पाहुण्यांना हसू येतं. येऊ दे.

तर मी भांडलो. माझी झाडं मला न विचारता कुणी उपटायला सांगितली होती, असं विचारलं. सासूबाई आधी चकितच झाल्या. लव्हाळा उपटायला कुणी विचारतं? त्यांचा हात आपसूक गेला होता, हे मला दिसत होतं. जन्मभराची सवय. तिथंच त्या थांबल्या असत्या तर मीही दोन दिवस आदळआपट करून गप्प बसले असते. पण त्याही चिडल्या. म्हणाल्या की बारशाला दोन्हीकडची माणसं येणार आणि दारात बघणार काय तर लव्हाळा, मग लोक बोलणारच.

“काय बोलतील?” मी विचारलं.

“पडीक रानातच येतोय त्यो. तेच बोलतील.”

आत दुपट्यात पोरगी कुरकुरली. आम्ही दोघीही तिकडं वळलो नाही. सासूबाईंचा चेहरा उतरला, शब्द तोंडातून गेला हे त्यांना कळलं होतं. मी तसं म्हणालो न्हाय, त्या पुटपुटल्या.

“म्हणालासा की, आत्ती,” मी म्हणाले, आणि भिंतीवरचा लव्हाळा गोळा करायला लागले. मला इतका राग आला होता की रडायलासुद्धा जमेना. पडीक म्हणे. महिनाभर ज्या घरात शेगडी विझली नाही ते घर पडीक?

मुळं वाळून दोरीसारखी झाली होती. काही झुबके हातातच तुटले. जे वाचतील वाटले ते दोन टबांत गच्च बसवले, पाणी ओतलं, तांब्यातले मासे परत सोडले. ते दोन्ही टब ओढत मागच्या सावलीला नेले, उरलेले दोन रिकामे राहिले. बादलीतल्या छत्र्या तशाच पाण्यात ठेवल्या, उलट्या करून. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. आपण काढायचं आणि सुनेनं लावायचं, असली भांगलण त्यांनी आयुष्यात बघितली नसणार.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याच्या आईचा शब्द त्यालाही लागला होता, पण तो मिटवणारा माणूस आहे. म्हणाला, तू त्याला पाम म्हण की, भांडण मिटलं. आणि हे खरं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना मीच एक झुबका दिला होता. त्यांनी तो चिनी मातीच्या टबात लावला आणि आल्यागेल्याला अम्ब्रेला पाम म्हणून दाखवतात. आमच्या सासूबाई रोज सकाळी त्यांच्याकडं गप्पांना जायच्या आणि त्या पामचं भारी कौतुक करायच्या. किती गोड झाड आहे, म्हणायच्या. चार दिवस त्या बाई गावाला गेल्या तर त्या झाडाला पाणी सासूबाईंनी घातलं. स्वतःच्या हातानं. तेच झाड, त्याच बुडातलं.

हसायला आलं मला, पण पाम म्हणायला जीभ वळेना. नाव बदललं तरच दारात उभं राहायला मिळणार असेल तर नकोच ते उभं राहणं. नवऱ्याला म्हटलं, लव्हाळा तो लव्हाळा, तुझ्या आईला सांगायचं तर सांग. त्यानं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी समोरच्या बाईंच्या टबाकडं त्यानं असं काही रोखून बघितलं की मला त्याची दया आली.

बारशाच्या आदल्या दिवशी खानापूरकडून चुलत सासूबाई येऊन दाखल झाल्या. घराण्यातले रीतीरिवाज त्यांच्या मुठीत. कुठल्या बाजूनं ओवाळायचं, घुगऱ्या आधी कुणाला, सगळं त्या सांगणार आणि बाकीच्या करणार. त्यांनी कामं वाटली. माझ्या वाट्याला आलं ते असं, की तू घरची मालकीण, तुझ्यासारखं कुणाला जमणार न्हाय, तू पाव्हण्यांचं आणि चहा-फराळाचं बघ. सगळ्यांनी माना हलवल्या. मालकीण, मालकीण. जाऊ तेवढी माझ्याकडं बघत होती आणि मी बघितल्यावर तिनं नजर खाली घातली. माझ्या लक्षात आलं. हे मला पाम म्हणायला लागलेत.

रात्री नवऱ्यालाही सांगितलं नाही, त्यानं मिटवलं असतं. सकाळी उठून ते दोन टब मागून ओढत आणले आणि दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवले. अजिबात देखणे दिसत नव्हते. अर्धे देठ तपकिरी, छत्र्या गायब, मधूनच एखादा हिरवा. नवीन माणसाला वाटलं असतं की कचरा टाकायचा राहिलाय. नवरा टबांना अडखळला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं एक टब सरळ केला.

माणसं जमली. निपाणीकडची आधी आली, मग खानापूरकडची. दारातले टब बघून बायकांत कुजबुज झाली ती मी ऐकली आणि ऐकू आली नाही असं दाखवलं नाही. कुणी विचारलं तर सांगत गेले, लव्हाळा आहे, मी लावलाय. एका बाईनं तर सवयीनं वाकून एक देठ उपटायला हात घातला. मी म्हटलं, राहू दे, इथं भांगलायचं न्हाय. सासूबाई आत फुलं निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

हॉलमध्ये स्लॅबला झोपाळ्यासाठी सोडलेली कडी आहे, त्या कडीला पाळणा टांगला होता. झेंडूच्या माळा, खाली पाट, बाजूला घुगऱ्यांची परात. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि चुलत सासूबाईंचा आवाज आला, “लेकुरवाळ्या पुढं या गं.”

बायका पुढं सरकल्या. जावेची आई गुडघे धरत आली, चुलत नणंद आली, तिनंच कानात नाव सांगायचं होतं. मी हातातला ट्रे टीव्हीच्या टेबलावर ठेवला आणि मीही पुढं गेले. घाईनं नाही. आपल्याच हॉलमध्ये माणूस जसं चालतं तसं.

“तू न्हवं गं,” चुलत सासूबाई म्हणाल्या. गोड आवाजात म्हणाल्या. “तू चहाचं बघ.”

सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. निपाणीकडचे पुरुषसुद्धा बोलायचे थांबले. मला मागं वळावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण पाळण्यात पोरगी जागी होती आणि हात उडवत होती, आणि तिच्या अंगावर मी आणलेलं दुपटं होतं.

“पाळणा माझ्या घरातल्या कडीला टांगलाय, काकी,” मी म्हणाले. “त्याच्या दोरीला मी हात लावलो न्हाय, तर आज कुणीच लावायचा न्हाय.”

नवरा भिंतीशी उभा होता, तो मिटवायला पुढं येईल असं वाटलं, पण तो जागचा हलला नाही. जावेनं हातातली दोरी माझ्यापुढं धरली. तिनं धरली नसती तरी मी घेतली असती, पण तिनं धरली, हे मी विसरणार नाही. दोरी माझ्या हातात आली आणि मी हलकाच झोका दिला. पोरीनं जांभई दिली. चुलत सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण जागा सोडून त्या गेल्या नाहीत.

मग पुढचं आपोआप सुरू झालं. चुलत नणंद एका बाजूनं वाकली, मी दोरी धरून दुसऱ्या बाजूनं वाकले. तिनं पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. नाव सांगितलं की सांगणारीच्या पाठीत बायकांनी गुद्दे घालायचे, ही आमची रीत. हसत-खिदळत सगळ्या तिच्या पाठीवर तुटून पडल्या. माझ्या पाठीला कुणी हात लावला नाही. मी वाकलेलीच होते. पाठ मोकळी होती, आणि तेवढ्या गर्दीत ती किती मोकळी आहे हे मला नीट कळत होतं.

तेवढ्यात गुद्दा बसला. माझ्या पाठीत, खांद्याच्या खाली, बरोब्बर मधोमध. रीतीचा नव्हे, शेतात राबलेल्या हाताचा. माझा श्वासच अडकला. मी वळून बघितलं तर सासूबाई. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले, आणि मूठ दुसऱ्या गुद्द्यासाठी वर. पहिला रागाचा होता की मायेचा, मला आजही सांगता येणार नाही. दुसरा त्याहून जोरात बसला. ते बघून जावेची आई पुढं आली, तिनं एक घातला. मग निपाणीकडच्या एकीनं. मग कुणी कुणी घातले ते मी बघितलंच नाही, मी पाळण्यात तोंड घालून पोरीकडं बघत बसले. ती टकामका माझ्याकडं बघत होती.

पाहुणे गेल्यावर पाठ इतकी ठणकायला लागली की मला उताणं झोपवेना. नवरा मलमाची डबी घेऊन आला. मी त्याला हात लावू दिला नाही. म्हटलं, दुखू दे.